बल्गेरियन समाजवाद्यांचा युरोप : सामाजिक हक्क, शांतता आणि दहा टक्के कर

सुतारपक्षी (धागालेखक)

१ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियात लेव्ह हे चलन जाऊन युरो आला. अदलाबदलीचा दर होता एका युरोला १.९५५८३ लेव्ह. हा पाच दशांशस्थळांचा आकडा बाजाराने ठरवलेला नाही. जर्मन मार्क युरोत विलीन झाला तेव्हाचाच हा दर आहे, कारण जुलै १९९७ मध्ये बल्गेरियाने आपले चलन मार्कला बांधून टाकले होते. तसे बांधून घेण्याची पाळी आली ती समाजवादी पक्षाच्या सरकारच्या कर्तृत्वामुळे. झान विदेनोव यांच्या कारकिर्दीत बँका बुडाल्या, गव्हाची निर्यात करणाऱ्या देशात पावासाठी रांगा लागल्या, आणि त्या सरकारने सूत्रे खाली ठेवली त्या फेब्रुवारी १९९७ च्या एकाच महिन्यात भाववाढ २४० टक्क्यांच्या वर गेली. गंमत अशी, की युरोपीय संघाच्या सदस्यत्वासाठीचा अधिकृत अर्जही याच सरकारने डिसेंबर १९९५ मध्ये केला होता.

या विसंगतीचा माग काढावा म्हणून हा धागा. बल्गेरियन समाजवादी पक्ष गेली दोन दशके तीन गोष्टी एकत्र मांडत आला आहे : युरोपीय एकीकरण हवे, ते कामगारांच्या आणि निवृत्तिवेतनधारकांच्या हक्कांसह हवे, आणि युरोप हा मुळात शांततेचा प्रकल्प आहे याचा विसर पडता कामा नये. माझे म्हणणे असे, की ही मागणी चुकीची नाही, किंबहुना ब्रसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, ती ऐकायला हवी होती तितकी ऐकलेली नाही. परंतु जे स्वतःच्या संसदेत स्वतःच्या मतांनी करता आले असते तेही या पक्षाने युरोपच्या खात्यावर टाकले, आणि म्हणून त्याच्या शब्दाचे वजन घरीही उतरले आणि बाहेरही.

आधी घरचे पाहू. एप्रिल १९९० मध्ये कम्युनिस्ट पक्षाने आपले नाव बदलून 'समाजवादी' केले आणि जूनच्या निवडणुकीत त्याला ४०० पैकी २११ जागा मिळाल्या. शेजारपाजारच्या देशांत जुने सत्ताधारी पक्ष पाचोळ्यासारखे उडून जात असताना हे नवलच होते. त्या निवडणुकीतून बनलेल्या महासभेने १२ जुलै १९९१ रोजी नवी राज्यघटना संमत केली आणि तिच्या प्रास्ताविकेत बल्गेरिया हे लोकशाही, कायद्याचे आणि सामाजिक राज्य असेल असे लिहून ठेवले. म्हणजे 'सामाजिक राज्य' ही कल्पना युरोपने बल्गेरियाला दिलेली नाही. संघात जाण्यापूर्वी पंधरा वर्षे ती त्यांच्या घटनेत होती.

ऑगस्ट २००५ मध्ये सेर्गेई स्तानिशेव पंतप्रधान झाले. माजी राजे सिमेओन यांचा उदारमतवादी पक्ष आणि तुर्की अल्पसंख्याकांचा पक्ष त्यांच्या सोबत होते. याच सरकारच्या काळात, १ जानेवारी २००७ रोजी, बल्गेरिया संघाचा सदस्य झाला. त्याच वर्षी कंपन्यांवरील कर दहा टक्क्यांवर आला, आणि २००८ पासून व्यक्तींच्या उत्पन्नावरही सरसकट दहा टक्के कर लागू झाला. पूर्वीचे चढते टप्पे गेले, करमुक्त मर्यादाही गेली. याचा व्यवहारातला अर्थ असा, की शाळेत झाडलोट करणारी बाई आणि बँकेचा संचालक हे दोघेही आपल्या पहिल्या लेव्हपासून एकाच दराने कर भरू लागले. हे एखाद्या उजव्या पक्षाने केले असते तर आश्चर्य नव्हते. समाजवादी पंतप्रधानाच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री प्लामेन ओरेशार्स्की यांनी ते केले, आणि पुढे २०१३ मध्ये पक्षाने त्याच ओरेशार्स्कींना पंतप्रधानपदी बसवले. स्तानिशेव यांच्याकडे मात्र २०११ च्या अखेरीस युरोपातील समाजवाद्यांच्या संयुक्त पक्षाची धुरा आली आणि ती २०२२ पर्यंत राहिली. समन्यायी करआकारणीसाठी आग्रह धरणारी संघटना आणि सरसकट कर आणणारा तिचा अध्यक्ष, हे चित्र दहा वर्षे तसेच होते.

सरसकट कराची बाजू ऐकून घेतली पाहिजे. पगाराची खरी रक्कम दडवून उरलेली पाकिटातून देण्याची रीत तिथे रूढ होती. दर कमी केल्यास लोक खरे उत्पन्न दाखवतील आणि बाहेरची गुंतवणूक येईल, असा हिशेब होता. काही प्रमाणात तो जमलाही. पण गरिबी किंवा सामाजिक वंचनेचा धोका असलेल्या लोकसंख्येचे प्रमाण २०२३ मध्येही सुमारे ३० टक्के होते, आणि उत्पन्नातील विषमतेत हा देश संघात सतत अगदी वरच्या क्रमांकांवर राहिला. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ६५ लाखांवर आलेली दिसली. २००१ मध्ये ती ७९ लाख होती.

आता ब्रसेल्सची बाजू. संघाच्या मूळ करारातील १५३ व्या कलमात कामाच्या ठिकाणची सुरक्षितता, कामाच्या अटी, स्त्री-पुरुष समानता अशा अनेक विषयांत संघाला अधिकार दिले आहेत, पण वेतन, संघटना करण्याचा हक्क आणि संप हे विषय त्याच कलमाने वगळले आहेत. करांबाबतचे निर्णय एकमतानेच होतात. म्हणजे भांडवल आणि माल यांच्या वाटेतले अडसर बहुमताने काढता येतात, आणि वेतनाला किंवा कराला हात लावायचा म्हटले की दारावर कुलूप. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे सामाजिक हक्कांची वीस तत्त्वे जाहीर झाली तेव्हा समाजवाद्यांनी त्यांचे मोठे स्वागत केले, आणि लगेच पुढच्या सहामाहीत संघाच्या मंत्रिपरिषदेचे अध्यक्षपद बल्गेरियाकडे होते. पण ती तत्त्वे घेऊन कुणाला न्यायालयात जाता येत नाही. ऑक्टोबर २०२२ चा किमान वेतनाचा निर्देश हे त्यातून निघालेले एक ठोस फळ म्हणता येईल. बल्गेरियाने २०२३ मध्ये किमान वेतन सरासरी वेतनाच्या निम्मे असावे असे श्रमसंहितेत घातले. त्या सूत्राने ते २०२५ मध्ये १०७७ लेव्ह आणि २०२६ मध्ये ६२० युरो २० सेंट झाले.

शांततेबद्दल खाली चर्चेच्या ओघात लिहीन. तो भाग गुंतागुंतीचा आहे.

दूरदेशी

लेख आवडला. मी गेली अकरा वर्षे जर्मनीत राहतो. माझ्या इमारतीत वृद्धांची देखभाल करणाऱ्या एक बल्गेरियन बाई राहतात, त्यांच्याशी जिन्यात होणाऱ्या गप्पांवरून थोडे लिहितो.

बल्गेरिया २००७ मध्ये सदस्य झाला तरी जर्मनी, ब्रिटन आणि आणखी काही देशांनी तेथील कामगारांना आपली बाजारपेठ पूर्णपणे १ जानेवारी २०१४ रोजीच खुली केली. सात वर्षे माल मोकळेपणाने फिरत होता, माणसाला मात्र परवाना लागत होता. या बाई म्हणतात, की त्या सात वर्षांत त्यांच्यासारख्या कित्येक जणी कागदोपत्री 'स्वतंत्र व्यावसायिक' होऊन काम करत होत्या, म्हणजे आजारपणाची रजा नाही, सुट्टी नाही, तक्रार कुठे करायची तेही ठाऊक नाही. सामाजिक हक्कांशिवाय एकीकरण म्हणजे काय, ते त्यांना कुठल्याही ठरावापेक्षा अधिक कळले आहे.

एक शब्द त्यांच्याकडून शिकलो : 'गुरबेत'. पोटासाठी परमुलखात जाणे, असा त्याचा अर्थ. तो तुर्कीतून त्यांच्याकडे आला आणि मूळ अरबी आहे. आपला 'गरीब' हा शब्दही त्याच अरबी धातूपासून फारसीमार्फत आलेला. मुळात त्याचा अर्थ 'परका' असा होता. या बाईंना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ हसत होत्या.

खडीसाखर

धागालेखकांनी १९९० पासून सुरुवात करून एक मोठी सोय करून घेतली आहे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. हा पक्ष आकाशातून पडलेला नाही. कम्युनिस्ट नेते तोदोर झिवकोव यांच्या राजवटीने १९८४-८५ च्या हिवाळ्यात तुर्की वंशाच्या लाखो नागरिकांची नावे सक्तीने बदलून स्लाव्हिक नावे लादली. गावे वेढली गेली, विरोध करणाऱ्यांवर गोळ्या चालल्या, अनेकांना दानुब नदीतील बेलेने बेटावरील छावणीत डांबले. सरकारी भाषेत याचे नाव 'पुनरुत्थानाची प्रक्रिया' होते. १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक लोक सीमा ओलांडून तुर्कस्तानात गेले, आणि त्या स्थलांतराला कुत्सितपणे 'मोठी सहल' म्हटले गेले. संसदेने या साऱ्याचा अधिकृत निषेध केला तो जानेवारी २०१२ मध्ये.

ज्या परंपरेने माणसाचे नावसुद्धा त्याचे राहू दिले नाही तिने सामाजिक हक्कांवर युरोपला शिकवावे, हे माझ्या पचनी पडत नाही. घर, नोकरी, पाळणाघर, निवृत्तिवेतन हे सारे होते, मान्य. पण हक्क तो, जो सरकारशी मतभेद झाल्यावरही शाबूत राहतो. ते जे होते ते मेहेरबानीच्या जवळचे होते.

सुतारपक्षी

खडीसाखर, आपला आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. १९९० पासून सुरुवात केली ती लांबी आवरण्यासाठी. पण त्यामुळे हा काळ सुटला, हे खरे. एकच भर घालतो. १० नोव्हेंबर १९८९ रोजी झिवकोव यांना पदावरून दूर करणाऱ्या गटाने डिसेंबरच्या अखेरीस जुनी नावे परत घेण्याची मुभा दिली, तेव्हा पक्षाच्याच कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध मोर्चे काढले. हक्कांचा प्रश्न पक्षाच्या आतच किती न सुटलेला होता ते यातून दिसते.

तरीही या परंपरेला झिवकोव यांच्या आधीचा एक पदर आहे, आणि शांततेचा मुद्दा तिथूनच समजतो. २ ऑगस्ट १८९१ रोजी बाल्कन पर्वतातील बुझलुजा शिखरावर दिमितर ब्लागोएव आणि त्यांच्या साथींनी पक्षाची स्थापना केली. १९०३ मध्ये त्यात फूट पडून 'तेस्नी' म्हणजे अरुंद आणि 'शिरोकी' म्हणजे रुंद असे दोन गट झाले (ही नावे मराठी राजकारणालाही शोभली असती). अरुंद गट हटवादी होता, पण युद्धाच्या बाबतीत तो हटवादीपणा उपयोगी पडला : पहिल्या महायुद्धात जर्मन आणि फ्रेंच समाजवादी आपापल्या सरकारांच्या युद्धखर्चाला हात वर करत असताना ब्लागोएव यांच्या गटाने सोफियाच्या संसदेत त्याविरुद्ध मत दिले. १९१५ मध्ये स्वित्झर्लंडमधील झिमरवाल्ड येथे युद्धविरोधी समाजवाद्यांची जी बैठक झाली तीत या गटाचे वासिल कोलारोव होते, आणि रुमानियाच्या वतीने आलेले क्रिस्तियान राकोव्स्की हेही जन्माने बल्गेरियनच.

त्याआधी, जानेवारी १९१० मध्ये, बेलग्रेडला बाल्कन समाजवाद्यांची परिषद भरली होती. बाल्कन राष्ट्रांनी एकमेकांचे प्रदेश ओरबाडण्याऐवजी एक संघराज्य करावे, ही कल्पना तिथे मांडली गेली. तीन वर्षांच्या आत बाल्कन युद्धे सुरू झाली आणि ती कल्पना कागदावर राहिली. बल्गेरियाचे गेओर्गी दिमित्रोव आणि युगोस्लाव्हियाचे टिटो यांनी ऑगस्ट १९४७ मध्ये ब्लेड येथे करार करून ती पुन्हा वर काढली, तर १९४८ च्या सुरुवातीला स्टालिनने दिमित्रोव यांना जाहीर चपराक देऊन ती गाडून टाकली. सांगायचे असे, की सीमांच्या वर उठणारे संघराज्य हा विचार या मंडळींना ब्रसेल्सकडून उसना घ्यावा लागला नव्हता. पण नोव्हेंबर २०२० मध्ये बल्गेरियाने इतिहास आणि भाषेच्या वादावरून उत्तर मॅसिडोनियाच्या सदस्यत्वाच्या वाटाघाटी रोखल्या आणि जून २०२२ पर्यंत हा आग्रह धरून ठेवला, तेव्हा १९१० च्या परिषदेची आठवण ठेवून त्याविरुद्ध ठामपणे उभा राहणारा मोठा डावा पक्ष सोफियात दिसला नाही.

तळटीप

सामाजिक हक्कांच्या बाबतीत एक पेच इथे आलेला नाही. डिसेंबर २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाने एका आठवड्याच्या अंतराने 'वायकिंग' आणि 'लावाल' हे दोन निकाल दिले. लावाल ही लॅटव्हियाची बांधकाम कंपनी. तिने स्वीडनमधील वॅक्सहोल्म येथे शाळेच्या कामावर स्वतःचे कामगार स्वस्त वेतनावर आणले आणि स्वीडिश संघटनांनी ते काम बंद पाडले. संपाचा हक्क मूलभूत आहे असे न्यायालयाने मान्य केले, मात्र सेवा पुरवण्याच्या स्वातंत्र्यापुढे त्याला मर्यादा घातल्या. पश्चिमेकडील समाजवादी खवळले. पूर्वेकडचा कामगार मात्र विचारत होता, की तुमच्या संपाने माझी भाकरी गेली त्याचे काय?

हाच पेच बल्गेरियात मालमोटार चालकांच्या निमित्ताने आला. संघाच्या २०२० च्या वाहतूक नियमांनी चालकांना जिथे काम तिथले वेतन, आठवड्याची मोठी विश्रांती गाडीच्या केबिनमध्ये घेण्यास बंदी, आणि दर आठ आठवड्यांनी गाडी मायदेशी परत नेण्याची सक्ती अशा तरतुदी केल्या. कागदावर हा कामगारहिताचा कायदा होता. बल्गेरियात मात्र वाहतूकदार आणि सरकार यांच्यासोबत समाजवादी खासदारही विरोधात उभे राहिले, कारण गाड्या रिकाम्या परत धाडण्याचा खर्च युरोपच्या टोकावरच्या देशालाच बसणार होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने गाडी परत नेण्याची अट रद्द केली आणि चालकांच्या हिताच्या तरतुदी बहुतांशी कायम ठेवल्या, जे मला योग्य वाटते. 'सामाजिक युरोप' हा शब्द पॅरिसमध्ये एक अर्थ सांगतो आणि सोफियात दुसरा, एवढे लक्षात ठेवून मूळ लेख पुन्हा वाचावा.

दूरदेशी

तळटीप, केबिनमध्ये झोपण्याची बंदी झाली खरी, पण शनिवार-रविवारी महामार्गावरच्या थांब्यांवर चालक चुलीवर चहा करताना आजही दिसतात.

धागालेखकांना विनंती, की शांततेचा अलीकडचा भाग पूर्ण करावा. युक्रेनच्या युद्धात या पक्षाची भूमिका नेमकी काय होती?

सुतारपक्षी

त्यासाठी १९९९ पासून यावे लागेल. कोसोवोच्या युद्धात नाटोच्या विमानांना बल्गेरियाचे आकाश वापरू देण्यास समाजवाद्यांनी विरोध केला. २८ एप्रिल १९९९ रोजी एक भरकटलेले क्षेपणास्त्र सोफियाच्या गोर्ना बान्या या उपनगरात एका घरावर पडले. कुणी दगावले नाही, पण युद्ध किती जवळ आहे ते सगळ्यांना कळले. जनमत आपल्या बाजूने असतानाही वर्षभरात, २००० साली, गेओर्गी पर्वानोव यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने नाटो सदस्यत्वाला पाठिंबा जाहीर केला. मला हे पाऊल नुसते संधिसाधू वाटत नाही. एकाकी राहिलेल्या छोट्या देशाला शांतता परवडत नाही, हा विचारही त्यात होता. स्तानिशेव सरकारने २००५ च्या अखेरीस इराकमधून पायदळ परत आणले, आणि एप्रिल २००६ मध्ये अमेरिकी सैन्याला बल्गेरियन तळ वापरू देणाऱ्या करारावर सही केली. दोन्ही गोष्टी चार-पाच महिन्यांच्या आत.

युक्रेनबाबत कोर्नेलिया निनोवा यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने शस्त्रे देण्यास स्पष्ट नकार दिला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये संसदेत तसेच मतदान केले. गंमत अशी, की २०२२ च्या वसंतात उद्योग खात्याच्या मंत्री निनोवा स्वतःच होत्या, आणि कझानलाक व सोपोत येथील दारूगोळ्याचे कारखाने तेव्हा तीन पाळ्यांत चालत होते. बल्गेरियन दारूगोळा मध्यस्थ देशांमार्फत युक्रेनला पोहोचत होता, हे तत्कालीन पंतप्रधान किरिल पेत्कोव यांनी जानेवारी २०२३ मध्ये जर्मन वृत्तपत्राला सांगितले. कझानलाकच्या कारखान्यातील कामगार पक्षाचाच मतदार असू शकतो; त्याला कामही हवे आणि युद्धही नको. ब्लागोएव यांच्या वेळी अशी अडचण नव्हती, त्यांच्याकडे ना खाते होते ना कारखाना.

खडीसाखर

मग स्त्रियांच्या हक्कांचे काय? स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या इस्तंबूल कराराला या पक्षाने २०१८ मध्ये विरोध केला, असे माझ्या वाचनात आले आहे.

सुतारपक्षी

खरे आहे, आणि या साऱ्या प्रकरणातले मला सर्वांत खटकणारे पान तेच आहे. करारातील 'जेंडर' या शब्दावरून काहूर उठले आणि निनोवा यांचा पक्ष राष्ट्रवाद्यांच्या आणि चर्चच्या बाजूला जाऊन बसला. स्तानिशेव यांनी त्याविरुद्ध उघड भूमिका घेतली, त्यामुळे युरोपातील समाजवाद्यांचा अध्यक्ष एका बाजूला आणि त्याचा स्वतःचा पक्ष दुसऱ्या बाजूला असा देखावा झाला. २७ जुलै २०१८ रोजी घटनात्मक न्यायालयाने करार घटनाविरोधी ठरवला.

विचित्र असे, की त्याच देशात बाळंतपणाची ४१० दिवसांची रजा मिळते, विमा उतरवलेल्या उत्पन्नाच्या ९० टक्के भत्त्यासह. युरोपात इतकी उदार तरतूद मोजक्याच ठिकाणी आहे.

दूरदेशी

ती रजा शेजारच्या बाईंच्या लेकीने घेतली आहे; ती प्लोव्हदिवला शिक्षिका आहे. पण पगार मोठा नसल्यामुळे त्याचे ९० टक्केही तेवढेच, म्हणून आजीबाई इथून दर महिन्याला पैसे पाठवतात. पूर्वी लेव्ह करून घ्यावे लागत, आता तेवढी दलाली वाचते म्हणतात.

तळटीप

आणि त्या शिक्षिकेच्या पगारावर कर दहाच टक्के, बरोबर ना? जानेवारी २०२५ मध्ये समाजवादी पक्ष पुन्हा आघाडी सरकारात गेला तेव्हा चढत्या कराचा विषय निघेल असे वाटले होते. सरकार डिसेंबरात अंदाजपत्रकाविरुद्धच्या निदर्शनांमुळे पडले, पण त्या अकरा महिन्यांत त्या दराला कुणी हात लावला नाही.

सुतारपक्षी

बरोबर, दहाच टक्के.